मानाजीरावांचा शेवटचा प्रश्न

मानाजीराव भोईटे कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिची मुलाखत घेतात. दुकानदाराची नव्हे, वस्तूची. अंगणात एक लाकडी स्टूल मांडायचं, त्यावर वस्तू ठेवायची, समोर वेताच्या खुर्चीत आपण बसायचं आणि खणखणीत आवाजात विचारायचं, "हां, नाव काय? गाव कुठलं?" उत्तरंही तेच देतात, पण वस्तूच्या वतीने आणि जरा पडेल आवाजात. नोकरीसाठी आलेला उमेदवार साहेबासमोर बोलतो तसं.

पहिल्यांदा हा प्रकार मी पाहिला तेव्हा स्टुलावर प्रेशर कुकर होता.

"शिट्टी कितव्या मिनिटाला?"

"सहाव्या, सार."

"सुम्ने उगाच थापा मारू नको. डाळ घालून बघणार मी."

आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये कंबरेइतकी एक भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे मी दात घासत उभा होतो आणि पलीकडे कुकरची उलटतपासणी चालली होती. मी आत जाऊन बायकोला म्हणालो, "आपण घर घ्यायची घाई केली." ती म्हणाली, "निदान बोलतात तरी मराठी." नाशिक सोडून म्हैसूरला आलेल्या माणसाला नजरबादच्या एका गल्लीत मराठी शेजार मिळणं ही काही लहान गोष्ट नव्हती. मग तो शेजार कुकरशी बोलणारा का असेना.

मराठीही कसली, तर म्हैसूरची. भोईट्यांचे पूर्वज कधीकाळी इथल्या राजाच्या घोडदळात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली, पण निम्म्या वाक्यात कन्नड येऊन बसली. नवीन शेजारी म्हणून माझीही मुलाखत झालीच. स्टूल नव्हतं, एवढीच सवलत.

"आमचे पूर्वज घोड्यावरनं आले. तुम्ही कशातनं आलात, जोशी सार?"

"रेल्वेने."

"रिझर्वेशन होतं?"

"होतं."

"मग बरं. उभ्यानं आलेला माणूस स्वल्प चिडका असतोय."

दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाच्या खांबावर खडूने केलेली एक बरोबरची खूण दिसली. कुणा पोराचा उद्योग असेल म्हणून बायको पुसायला निघाली होती. नंतर कळलं, आम्ही पास झालो होतो.

ही खडूची सवय म्हैसूरजवळच्या बेळगोळची. तिथल्या एका कारखान्यात पाण्याच्या पंपांची इंजिनं बनायची आणि मानाजीराव तिथे तीस-बत्तीस वर्षं तपासनीस होते. त्यांची खूण असल्याशिवाय एक इंजिन दाराबाहेर पडत नसे. आणि तपासणी कशी, तर कानाने. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत कुठे काय घासतंय, कुठला नट सैल आहे, सगळं सांगायचे. कारखान्यात म्हणे त्यांच्या कानाबद्दल पैजा लागत, आणि त्यांच्या विरुद्ध पैज लावायला नवीन आलेला माणूसच सापडायचा.

मला हे खोटं वाटायचं. एकदा मी स्कूटर सुरू करत असताना भिंतीपलीकडून आवाज आला, "सार, मागच्या चाकाचं बेरिंग गेलंय." मी मनात म्हटलं, हा उंटावरचा शहाणा. आठवड्याभरात चाक करकरायला लागलं. मेकॅनिकने उघडून बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला आधीच कसं कळलं?" मी भिंतीपलीकडचं गुपित फोडलं नाही. मलाच कळलं होतं असं सांगितलं.

निवृत्तीनंतर कान रिकामा राहिला, खडू रिकामा राहिला. मग घरातल्या वस्तूंच्या मुलाखती सुरू झाल्या. भोईट्यांच्या घरात आज टीव्हीवर खूण आहे, पाण्याच्या टाकीवर आहे, देवघरातल्या समईच्या बुडाला आहे. लेकीच्या लग्नात जावयाच्या बॅगेवरही होती. तो बिचारा हुबळीला पोहोचेपर्यंत विमानतळावरची खूण समजत होता आणि तो आला होता बसने.

तर अशा या मानाजीरावांना गेल्या पावसाळ्यात चेनसॉ घ्यायची गरज पडली.

त्यांच्या परसात फणसाचं जुनं झाड आहे. त्याची एक भलीमोठी फांदी स्वयंपाकघरावरच्या गच्चीवर आडवी आलेली. जूनमधल्या वाऱ्यात ती बुंध्यापाशी तडकली आणि हातभर खाली आली. खाली गंगाक्कांचं स्वयंपाकघर. गंगाक्का म्हणजे मानाजीरावांच्या पत्नी. लहानखुऱ्या, हसऱ्या आणि आवाजाने इतक्या हळू की त्या बोलायला लागल्या की आपण आपोआप पुढे वाकतो. फांदी काढण्याच्या परवानगीचा कागद मिळाला. प्रश्न उरला तो कापणार कोण.

"लाकूडतोडे बोलवा," मी म्हणालो. "एका सकाळचं काम. मागच्या वर्षी बोलावले होते ना तुम्ही?"

"बेडा."

बेडा म्हणजे नको. मानाजीराव 'नको' मराठीत म्हणाले तर चर्चेला जागा असते. कन्नडमध्ये म्हणाले की विषय संपला.

"आता माझ्या घरातलं मशीन, माझ्या हातात," ते म्हणाले. "खंडेनवमीला पूजेला बसवणार. दशमीला फांदी खाली. आयतु, काम झालं."

भोईट्यांच्या घरची एक रीत आहे. म्हैसुरात आयुधपूजेला लोक स्कूटरपासून शिलाईमशीनपर्यंत सगळं पूजतात, ते यांच्याकडेही होतंच. पण मधोमध बसते ती पूर्वजांची तलवार. तिच्या शेजारी त्या वर्षी घरात आलेलं मुख्य हत्यार. एकच. आणि जे शेजारी बसलं त्याने दशमीला काम करून दाखवायचं. नाही तर तो तलवारीचा अपमान. तलवार आता फक्त दृष्ट काढायचा कोहळा फोडते, तोही दुसऱ्या-तिसऱ्या घावात, पण नियम म्हणजे नियम. त्यामुळे नवमीच्या आत निकाल लागायलाच हवा होता. पेट्रोलवर चालणारी की बॅटरीवर चालणारी?

मला वाटलं, यात विचार कसला? ज्या माणसाने उभं आयुष्य इंजिनाला कान लावण्यात घालवलं तो बॅटरीकडे ढुंकून बघणार नाही. त्यांचं स्वतःचं म्हणणंही तेच होतं. "बॅटरी कशाला, सार? टॉर्चला. झाडाला पेट्रोलच. वास घेतला की कळतं, आत कुणीतरी राहतंय."

माझं मत उलट होतं आणि त्यात माझा स्वार्थ होता. मी घरून काम करतो. भिंतीपलीकडे पेट्रोलची चेनसॉ सुरू झाली की माझी मीटिंग संपली. म्हणून मी इंटरनेटवर बसून एक तक्ता तयार केला. डावीकडे पेट्रोल, उजवीकडे बॅटरी, अकरा मुद्दे. वजन, धूर, हादरा, दोरी ओढून सुरू करायचा त्रास, तेल मिसळण्याची कटकट. रंगीत छापून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. "छान आहे. हे सगळं वाचलेलं आहे, सार. ऐकलेलं काय आहे ह्याच्यात?"

"ऐकलेलं म्हणजे?"

"काही नाही," म्हणाले, आणि तक्त्याची घडी करून खुर्चीच्या डगमगत्या पायाखाली सरकवली.

पेट्रोलचा उमेदवार पिरियापट्टणहून आला. गंगाक्कांच्या बहिणीचे यजमान तिथे तंबाखू करतात. तंबाखू भाजायच्या भट्टीला लाकूड लागतं, म्हणून त्यांच्याकडे चांगली दणकट चेनसॉ होती. ती साडूंनी स्वतः आणून दिली आणि 'माझी भट्टी पेटायच्या आत परत करा' असं तीनदा बजावलं. बॅटरीचा उमेदवार ओळखीच्या दुकानातून आला, निकाल लागेपर्यंतच्या बोलीवर. त्या दुकानदाराने मानाजीरावांना फार वर्षांपूर्वी एकदा नाही म्हणून पाहिलं होतं. तेव्हा मानाजीरावांनी मुलाखत दुकानातच घेतली होती, गिऱ्हाइकांसमोर. तेव्हापासून तो मुकाट्याने वस्तू घरी पाठवतो.

रविवारी सकाळी अंगणात मुलाखती झाल्या. आधी पेट्रोल.

"काय खातोस?"

"पेट्रोल, सार. त्यात दोन घोट ऑइल."

"किती वेळ काम करशील?"

"तुम्ही दमाल. मी दमणार नाही."

"भले!" मानाजीराव खूश होऊन माझ्याकडे बघायला लागले. जणू उत्तर खरंच समोरून आलं होतं.

"आजारी पडलास तर?"

"तुम्हीच डॉक्टर, सार."

यावर तर त्यांचे डोळेच भरून यायचे बाकी होते. मला वाटलं, खडू खिशातून बाहेर येतो आता. पण ते जरा थांबले, पुढे वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आता शेवटचं. गप्प बसायला किती वेळ लागतो तुला?"

स्टुलावरून उत्तर आलं नाही. मानाजीराव उठले आणि म्हणाले, "पुढचा."

बॅटरीला त्यांनी सोलून काढलं.

"काय खातोस?"

"करंट."

"करंट गेला तर?"

"उपास, सार."

"एका जेवणावर किती वेळ?"

"अर्धा-पाऊण तास. मत्ते विश्रांती."

"नोकरीला आलास की पाहुणा म्हणून?"

मी हसलो, फाटकाशी थांबलेली दोन माणसं हसली. आणि मग पुन्हा तोच प्रश्न. गप्प बसायला किती वेळ लागतो?

हा प्रश्न नवीन होता. पंधरा वर्षांत मी कुकर, पंखे, मिक्सर, एक जावई आणि दोन स्कूटर यांच्या मुलाखती ऐकल्या होत्या, त्यात कधी हा प्रश्न आला नव्हता. पुढे दोन-तीन महिने मात्र तो सुटेना. म्हैसुरातल्या एकेका दुकानात ते मला घेऊन जात आणि विक्रेत्याला हेच विचारत. विक्रेते चक्रावून जायचे. एकाने साखळी थांबवायचा ब्रेक दाखवला. "साखळी नव्हे हो, आवाज! आवाज कधी थांबतोय?" एकाने कानांवर लावायचे आवाज अडवणारे कप आणून दिले. ते मानाजीरावांनी असे दूर ढकलले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "कान झाकून काम करणारा माणूस आंधळा असतोय," ते म्हणाले. तो बिचारा सुरक्षेचंच सांगत होता.

मला वाटलं, वय झालं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आवाज सोसत नाही, पण कबूल करायची लाज वाटते, म्हणून हे आडवळण. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. "मानाजीराव, सरळ सांगा ना, पेट्रोलचा कर्कश आवाज सोसत नाही. बॅटरी घ्या, मीही सुखी."

ते दुखावल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. "इंजिनाचा आवाज मला सोसत नाही? मला?" आणि दोन दिवस भिंतीपाशी आलेच नाहीत.

नवमीला चार दिवस उरले तेव्हा ते स्वतःच आले. "सार, आज टेस्ट आहे. तुम्ही पाहिजे. मीटिंग आहे काय?"

"आहे."

"कॅन्सल करा."

मी केली. काय बघायला मिळतंय याची उत्सुकता मलाही होतीच.

परसाच्या टोकाला कपडे धुवायचा दगड आहे. त्याच्या शेजारी जमिनीवर खडूने एक वर्तुळ काढलेलं. मानाजीरावांनी मला दंडाला धरून त्या वर्तुळात उभं केलं.

"मी वर गच्चीवर जातो. तिथनं मशीन चालवतो. तुम्ही इथनं हाक मारायची."

"काय म्हणून?"

"अहो म्हणून."

"कोणाला?"

"मला, सार! मत्ते कुणाला?"

मी आजूबाजूला बघून घेतलं. गल्लीतलं कोणी दिसत नव्हतं. गच्चीवर पिरियापट्टणचं यंत्र धडधडायला लागलं. त्यांनी एका जुन्या ओंडक्यावर पातं टेकवलं, काप घेतला, मग बोट सैल सोडून माझ्याकडे हात केला. मी ओरडलो, "अहो!"

त्यांनी मान हलवली. "असं नव्हे! हळू! बाईसारखं!"

सेहेचाळीस वर्षांचा मी. एका कंपनीत माझ्या हाताखाली वीस माणसं काम करतात. धुण्याच्या दगडापाशी खडूच्या वर्तुळात उभा राहून मी शेजारच्या म्हाताऱ्याला बारीक आवाजात 'अहो, अहो' करत होतो. आणि तो म्हातारा वरून "अजून बारीक!" म्हणून सुधारणा सांगत होता. बोट सैल सोडलं तरी पेट्रोलचं इंजिन काही बंद होत नव्हतं. ते जागच्या जागी गुरगुरत राही. मानाजीराव मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न करत. मी तोंड हलवतोय हे त्यांना डोळे उघडल्यावर दिसायचं. पाच वेळा केलं, सहा वेळा केलं. शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं आणि यंत्राच्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या दुरूनही मला दिसलं, माणूस मनापासून वाईट वाटून घेत होता.

मग बॅटरीचं. घर्र झालं, काप पडला, बोट सुटलं आणि एकदम शांत. मला तर पलीकडच्या गल्लीतला भाजीवालाही ऐकू यायला लागला. मी अगदी हळू, गंगाक्कांची नक्कल करत म्हटलं, "अहो."

"ओ!" गच्चीवरून इतक्या जोरात उत्तर आलं की झाडावरचे कावळे उडाले.

आणि स्वयंपाकघराच्या दारात गंगाक्का उभ्या राहिल्या. "अय्यो, माझ्या नवऱ्याला अहो म्हणून हाका मारतंय कोण?"

"टेस्ट आहे, गंगू! आत जा तू!" वरून हुकूम आला.

मी लाजून मेलो होतो. गंगाक्का तोंडाला पदर लावून हसत हसत माझ्याकडे आल्या. आणि माझ्या पायाशी ते खडूचं वर्तुळ पाहून त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी एकदा वर गच्चीकडे पाहिलं. मानाजीराव तिकडे पाठ करून बॅटरी काढण्यात गुंतले होते.

"तम्मा," त्या म्हणाल्या. मला त्या धाकटा भाऊच म्हणतात. "इथंच पडले होते मी. गेल्या वर्षी."

गंगाक्कांचा हात गेल्या वर्षी मोडला होता, हे मला ठाऊक होतं. आम्ही तेव्हा नाशिकला गेलो होतो. परत आलो तेव्हा त्यांच्या मनगटाला प्लास्टर होतं. परसात पाय घसरला, एवढंच कळलं होतं आणि एवढंच आम्ही विचारलं होतं.

"लाकूडतोडे आले होते की नाही, त्याच दिवशी. पेट्रोलचं मशीन वर चाललेलं. हे गच्चीवर दोरी धरून उभे. मी दगडावरनं घसरले, हात खाली आला. उठता येईना. हाका मारत्ये, मारत्ये. माझा आवाज हा असा. हे तिथं, मी इथं. दिसत होते मला ह्यांचे पाय." त्यांनी गच्चीच्या कठड्याकडे बोट केलं. "फांदी पडली, मशीन बंद झालं, तेव्हा कुठं ऐकू गेलं. बराच वेळ झाला होता."

मी वर्तुळातून बाजूला झालो.

"कारखान्यात ह्यांच्या कानाची केवढी कीर्ती, तुम्हाला ठाऊक आहे की. इंजिनात कुठं काय घासतंय ते ऐकायचे. मला एकदाही बोलले नाहीत त्याबद्दल. माझा हात बरा झाला, मी विसरले पण. हे अजून झोपेतनं उठून विचारतात, हाक मारलीस काय म्हणून." त्यांनी पुन्हा गच्चीकडे पाहिलं. "तुम्ही काही विचारू नका हं त्यांना."

मला माझ्या त्या तक्त्याची लाज वाटली. अकरा मुद्दे काढले होते मी, त्यात आवाजाचाही होता. पण तो आवाज माझ्या मीटिंगपुरता होता. यंत्र थांबल्यावर माणसाला काय ऐकायचं असतं, हे मला सुचलंच नव्हतं. आणि वय झालं म्हणून मी त्यांना टोमणा मारला होता.

खंडेनवमीला तलवारीच्या उजव्या हाताला बॅटरीची चेनसॉ बसली. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं साग्रसंगीत. जमलेल्या नातेवाइकांत कुजबुज झालीच. पिरियापट्टणच्या साडूंना तर अपमान वाटला. "भाऊजी, तुम्ही? इंजिनवाले तुम्ही, आणि खेळणं बसवलंत?"

"वजनाला हलकं आहे," मानाजीराव म्हणाले.

"ताकद?"

"पुरेल."

"चार्जिंग संपलं तर?"

"चहा प्यायचा." आणि पुढे एक शब्द नाही. माझ्याकडे मात्र त्यांनी एकदा पाहिलं. माझ्या तक्त्यातला पहिला मुद्दा वजनाचाच होता. लोकांना सांगायला त्यांनी तो उचलला होता. बाकी खुर्चीच्या पायाखालीच राहिला.

साडूंचं यंत्र बाहेर ओसरीवर होतं. त्यालाही त्यांनी कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि कुणी बघत नाही असं पाहून पाठीवर हलकेच थाप मारली. मी बघत होतो. चेनसॉ निवडली गेली होती तरी तिच्यावर खडूची खूण मात्र नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "काम झाल्याशिवाय नाही."

दशमीला सगळं म्हैसूर मिरवणुकीला गेलं. आमच्या गल्लीत शुकशुकाट. मी गच्चीवर दोरी धरून उभा होतो, दोरीचं दुसरं टोक फांदीला. मानाजीरावांनी डोळ्यांना चष्मा लावला, पायात बूट घातले, पाय घट्ट रोवले. या माणसाला आता कोणी थांबवू शकणार नाही, अशी ती उभं राहण्याची पद्धत होती. खाली परसात, धुण्याच्या दगडापासून जरा अलीकडे, मुलाखतीच्या त्या लाकडी स्टुलावर गंगाक्का बसल्या होत्या. मांडीवर सूप आणि सुपात शेवग्याचा पाला. आत बसा म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं होतं. त्या नुसत्या हसल्या होत्या.

आधी बारक्या डहाळ्या, मग टोकाकडून हात-हातभर तुकडे. पहिला तुकडा पडला. मानाजीरावांनी बोट सोडलं. शांत. मला वाटलं, साखळी अडकली. ते मान तिरकी करून उभे होते. मग पुन्हा सुरुवात. दुसरा काप निम्मा झाला आणि पुन्हा थांबले, पुन्हा मान तिरकी. काही बिघाड नव्हता, घाम पुसत नव्हते, दम लागलेला दिसत नव्हता.

तिसऱ्यांदा थांबले तेव्हा खालून आवाज आला. पाल्यावरची नजर न काढता, नेहमीच्या त्या हळू आवाजात.

"अहो."

"ओ! काय गं?"

"काही नाही."

मानाजीरावांनी चष्मा नीट केला आणि यंत्र पुन्हा चालू केलं. त्यानंतर ते जितक्या वेळा थांबले तितक्या वेळा खालून 'अहो' आलं आणि वरून 'ओ' गेलं. एकदाही चुकलं नाही. मधे बॅटरी संपली. ती चार्जिंगला लावून आम्ही खाली दगडापाशी बसून चहा प्यालो आणि त्या वेळात दोघं नवराबायको एकमेकांशी अवाक्षर बोलली नाहीत. मग पुन्हा वर. एरवी तासाभरात झालं असतं ते काम संध्याकाळपर्यंत चाललं. माझे हात दोरीने सोलून निघाले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

शेवटचा जाड तुकडा कडकडला, दोरीला हिसका बसला आणि आम्ही दोघांनी मिळून तो गच्चीवर अलगद टेकवला. मी मोठ्याने ओरडणार होतो, "जिंकलो!" पण मानाजीरावांनी हात वर करून मला थांबवलं. यंत्र बंद होतं. मिरवणूक संपते त्या बन्नीमंटपाकडून, दुरून, बँडचा पुसट आवाज येत होता. ते कठड्याशी गेले आणि डोळे मिटून उभे राहिले.

खालून काही आलं नाही. मीही दोरी खाली ठेवून ऐकायला लागलो.

"गंगू?" मानाजीरावांचा आवाज त्या वस्तूंच्या उत्तरांसारखा पडेल निघाला.

"आहे की इथंच," गंगाक्का म्हणाल्या. सूप रिकामं करून त्या स्टुलावरून उठत होत्या. "तुम्हीच हाक मारता का ते बघत होते. दिवसभर मीच मारत्येय."

मानाजीराव हसले नाहीत. त्यांनी खिशातून खडू काढला, चेनसॉवर ठसठशीत बरोबरची खूण केली, आणि मग पाठ वळवून बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिले.